घरचा कर्ता उचलून नेला, आता धर्मग्रामाने काय करायचं?

सप्टेंबर २०२५मध्ये शिकागो भागात ‘ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ’ या नावाने इमिग्रेशनची मोठी धरपकड सुरू झाली आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटला. आधी व्हिसा, आईवडिलांचा विमा, मुलांचं मराठी असे प्रश्न यायचे. आता अमेरिकेत राहणाऱ्या कॅथलिक वाचकांची पत्रं येतात ती चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबांबद्दल. मी मूळची वसईची. गेली चौतीस वर्षं शिकागोच्या पश्चिम उपनगरात राहते, हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झाले, आणि आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे पॅरिशमधल्या, एका चर्चच्या भाविकांच्या समुदायातल्या) गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा हिशेब माझ्याकडे आहे. मी वकील नाही. गेल्या काही महिन्यांत जी घरं जवळून पाहिली, जे कागद हाताळले, त्यावरून उत्तरं देते आहे. बरीचशी जागा पहिल्याच पत्राला गेली, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न : ताई, आमच्या चर्चमध्ये वेदीसेवक असलेल्या एका मुलाच्या वडिलांना तीन आठवड्यांपूर्वी पहाटे कामावर जाताना आइसच्या (इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) माणसांनी रस्त्यातच पकडलं. कुटुंब ग्वाटेमालाचं, बारा वर्षं इथे आहे. घरी आई आणि तीन मुलं. पॅरिश कौन्सिलच्या दोन बैठका झाल्या. कोणी म्हणतं जपमाळेचा कार्यक्रम ठेवू, कोणी म्हणतं निवेदन काढू, कोणी म्हणतं वरून काही येईपर्यंत थांबू. मी कौन्सिलवर नवीन आहे. सुरुवात कुठून करायची? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बैठका दोन झाल्या हे त्यात आहे, पण त्या बाईच्या घरी कोण जाऊन आलं हे कुठेच नाही. सुरुवात तिथून करा, आणि पुढची बैठक होईपर्यंत थांबू नका.

पण जाण्याआधी फोन करा. ही चूक आम्ही केली आहे म्हणून सांगते. ऑक्टोबरमध्ये अशाच एका घरी मी आणि माझी जोडीदारीण संध्याकाळी न कळवता गेलो. आमच्या सोसायटीत घरभेट नेहमी दोघांनी करायची असते. हातात तांदूळ, तेल आणि डायपरचं पुडकं होतं. दार वाजवलं आणि आतला टीव्ही एकदम बंद झाला. मग चिडीचूप. पडद्याची कड दोन बोटं सरकली आणि परत जागेवर गेली. ती बोटं लहान मुलाची होती. आम्ही मदत घेऊन गेलो होतो आणि त्या घराला पंधरा मिनिटं श्वास रोखून बसायला लावलं. पिशव्या पायरीवर ठेवल्या आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी स्पॅनिश मिस्सेत (चर्चच्या मुख्य उपासनेत) गाणाऱ्या एका बाईंनी तिथे फोन केला. त्यांचा आवाज त्या घरातल्या बाईच्या ओळखीचा होता. आम्ही गाडीतून उतरायच्या आधीच दार उघडलं गेलं. तेव्हा फोन तिच्या भाषेत आणि ओळखीच्या आवाजात जायला हवा. फादरांचं नाव किंवा चर्चचं ओळखपत्र दाराबाहेर काही कामाचं नसतं.

आत गेल्यावर पहिला प्रश्न, नवरा कुठे आहे? आइसची एक ऑनलाइन शोधसुविधा आहे. त्यात नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन खातं प्रत्येकाला देतं तो क्रमांक) आणि जन्मदेश घातला की माणूस कुठल्या केंद्रात आहे ते दिसतं. इमिग्रेशनकडून आलेल्या बहुतेक प्रत्येक कागदावर हा नंबर असतो, म्हणून घरातले सगळे कागद टेबलावर मांडायला सांगा. नंबर सापडला नाही तर नाव आणि जन्मदेश घालून शोधता येतं, पण नाव अक्षरशः जुळावं लागतं. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांना दोन आडनावं असतात. आम्हाला एक माणूस चार दिवस सापडत नव्हता. वडिलांचं आडनाव घालून पाहिलं, आईचं घालून पाहिलं. शेवटी दोन्ही आडनावं मधली मोकळी जागा काढून जोडून लिहिली, तेव्हा सापडला. वसईत एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर एकच आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मला हे सुचायला हवं होतं. सगळ्या तऱ्हा करून पाहा, आणि रोज पाहा, कारण माणसं हलवली जातात. आमच्या भागात पकडलेले लोक आधी शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यूच्या आइस केंद्रात, तिथून इंडियाना, केंटकी, नाहीतर थेट टेक्सास. ज्या दिवशी पत्ता लागला तो दिवस, वेळ आणि केंद्राचं नाव वहीत लिहून ठेवा. वकील पहिल्यांदा तेच विचारतो.

वकिलाबद्दल एक गोष्ट बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. फौजदारी खटल्यात आरोपीला परवडत नसेल तर सरकार वकील देतं, इमिग्रेशन कोर्टात देत नाही. वकील करायचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. म्हणून या वेळी लुबाडणारेही फिरत असतात. लॅटिन अमेरिकेत ‘नोटारिओ’ म्हणजे शिकलेला कायदेतज्ज्ञ. अमेरिकेतला नोटरी म्हणजे सहीची खात्री करणारा माणूस, बस्स. या एका शब्दाच्या फरकावर लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. तुमच्या डायोसिसच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या) कॅथलिक चॅरिटीज या मदतसंस्थेला विचारा. बिशप परिषदेने १९८८मध्ये उभी केलेली ‘क्लिनिक’ नावाची संस्था आहे, तिच्या जाळ्यात देशभरातली कायदेशीर मदत केंद्रं आहेत. तिथे वकिलांबरोबर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधीही असतात, ते वकील नसले तरी अशी प्रकरणं हाताळू शकतात. वकील मिळेपर्यंत नवऱ्याला एकच निरोप पोचवा : वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. ‘स्वेच्छेने परत जातो’ असा कागद पुढे केला जातो, आणि थकलेला माणूस सही करून मोकळा होतो.

आता गाडी. तुम्ही लिहिलंय की त्याला रस्त्यात पकडलं. मग त्याची गाडी कुठे आहे? हा प्रश्न आमच्याकडेही आठ दिवस कोणाला सुचला नाही. आमचा माणूस छपरांची कामं करायचा. त्याचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहिला, मग टो करून नेला आणि रोजचं भाडं चढत गेलं. बायको मालक नाही, त्यामुळे तिच्या हाती ट्रक मिळेना. नवऱ्याचं सहीचं पत्र मागवण्यात आणखी आठवडा गेला. शेवटी आमच्यातला एक निवृत्त बसचालक तिला घेऊन आवारात गेला. पुढच्या सीटवर डबा तसाच होता, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या टॉर्टिया बुरशीने हिरव्या पडलेल्या. तिने डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत ठेवला. फेकून द्या म्हणायची कोणाची छाती झाली नाही. ट्रकमधली अवजारं हीच त्या घराची खरी मालमत्ता होती, ती वाचली. तेव्हा गाडी, किल्ल्या, अवजारं यांची चौकशी पहिल्या दोन दिवसांत करा. शेवटच्या आठवड्याचा पगारही मालकाकडून मागायचा असतो. माणूस पकडला गेला म्हणून त्याने केलेल्या कामाची मजुरी बुडत नाही.

पैशांबद्दल. पहिल्या आठवड्यात त्या घरी सात लझान्या आल्या. फ्रीजमध्ये जागा नव्हती. सहाव्या आठवड्यात मी गेले तेव्हा फ्रीजमध्ये अर्धा गॅलन दूध आणि मोहरीची बाटली. लोक वाईट नसतात, पण दुःखाची बातमी जुनी झाली की पाय वळत नाहीत. म्हणून कौन्सिलपुढे निवेदनाचा मसुदा ठेवू नका, सहा महिन्यांचं कॅलेंडर ठेवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं कोण भरणार, मंगळवारी किराणा कोण, दाताच्या डॉक्टरकडे मुलीला कोण नेणार, प्रत्येक चौकटीत नाव. भाड्याचा चेक सोसायटीने थेट घरमालकाच्या नावाने द्यावा. आम्ही तसंच करतो. तिला हात पसरावा लागत नाही आणि हिशेबही स्वच्छ राहतो. लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसने जुलै २०२५मध्ये घराबाहेर पडायला घाबरणाऱ्यांना किराणा आणि औषधं घरपोच देण्याचं काम धर्मग्रामांमार्फत सुरू केलं. एवढा मोठा आर्चडायोसिस दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करतो, तर आपल्याला कमीपणा कसला?

जामिनासाठी वर्गणी काढायचा उत्साह येईल, पण थांबा, आधी वकिलाला विचारा. कायद्याने जामिनाची किमान रक्कम १,५०० डॉलर आहे, प्रत्यक्षात ती कितीतरी जास्त लागते. जुलै २०२५पासून मात्र तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना जामिनाची सुनावणीच द्यायची नाही अशी भूमिका आइसने घेतली. सप्टेंबरमध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने तिला दुजोरा दिला. त्यावर वकील फेडरल जिल्हा न्यायालयात हेबियस कॉर्पसचे (ही कोठडी बेकायदा आहे, असं सांगणारे) अर्ज करतात, आणि अनेक न्यायाधीशांनी कैद्यांच्या बाजूने निकाल दिले आहेत. म्हणजे जमवलेला पैसा कदाचित जामिनाऐवजी त्या अर्जाच्या फीसाठी लागेल. जामीन मिळालाच तर भरणाऱ्याचे स्वतःचे कागद पक्के हवेत. प्रकरण संपल्यावर, माणूस सगळ्या तारखांना हजर राहिलेला असेल तर, रक्कम त्या भरणाऱ्याच्याच नावाने परत येते. कधी कधी वर्षांनी. ती परत आल्यावर कोणाची, हे आजच कागदावर लिहा. धर्मग्रामातली चांगली माणसं अशा पैशांवरून दुरावतात.

कागदांचं काम तिच्याबरोबर बसून एका संध्याकाळी करून टाका. उद्या तिलाही पकडलं तर मुलांना शाळेतून कोण आणणार? शाळेच्या आणीबाणीच्या यादीत त्या माणसाचं नाव आहे का? मुलांचा तात्पुरता पालक नेमण्याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. आमच्या इलिनॉयमध्ये आईवडील दोन साक्षीदारांसमोर लेखी नेमणूक करू शकतात आणि ती ३६५ दिवसांपर्यंत चालते. न्यू जर्सीचं तिथल्या वकिलाला विचारा. इथे जन्मलेल्या मुलांचे अमेरिकन पासपोर्ट काढून घ्या. १६ वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालक हजर लागतात. बाप कोठडीत असेल तर त्याची नोटरी केलेली संमती, डीएस-३०५३ हा फॉर्म, मागवावी लागते आणि त्यात दिवस जातात. भाडं परवडेना म्हणून ती बहिणीकडे राहायला गेली, तर स्वतःचं काही प्रकरण कोर्टात असल्यास पत्ता बदलल्याचं पाच दिवसांत ईओआयआर-३३ फॉर्मवर कळवायला हवं. नाहीतर तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, ती हजर राहत नाही आणि तिच्या गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघतो. एका न भरलेल्या फॉर्मने असं झालेलं घर मला माहीत आहे.

जपमाळेचा कार्यक्रम जरूर ठेवा. फक्त आधी तिला विचारा की नाव घ्यायचं की नाही, आणि ती नको म्हणाली तर वेदीवरून, पत्रकात, व्हॉट्सअॅपवर कुठेही नाव येऊ देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत रीतसर व्हिसावर गेला, दहा वर्षं रांगेत उभा आहे. मग जे कायदा मोडून घुसले किंवा राहिले, त्यांच्यासाठी चर्चने एवढी धावपळ का करावी? मी मनापासून विचारतो आहे, राग मानू नये. — एक वाचक, वसई

उत्तर : राग कसला? माझ्या थोरल्या भावाने हाच प्रश्न मला फोनवर विचारला होता. तुमच्या मुलाची रांग खरी आहे आणि तो सोसतोय तेही खरं आहे.

चर्चची शिकवण तुम्ही समजता तशी एकतर्फी नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला २२४१वा परिच्छेद वाचा. संपन्न देशांनी झेपेल तेवढं परक्याला सामावून घ्यावं, असं तो सांगतो. राज्यसत्तेला त्यासाठी अटी घालता येतात आणि येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, हेही तोच परिच्छेद सांगतो. १२ नोव्हेंबर २०२५ला बॉल्टिमोरमध्ये अमेरिकेच्या बिशपांनी खास संदेश काढला, २१६ विरुद्ध ५ मतांनी. असा खास संदेश बारा वर्षांत पहिल्यांदाच निघाला. देशाला सीमा राखण्याचा हक्क त्यांनी नाकारला नाही. सरसकट, माणूस न बघता केलेल्या सामूहिक हद्दपारीला त्यांनी विरोध केला. पोप लिओ स्वतः शिकागोचे. नोव्हेंबरमध्ये पत्रकारांनी ब्रॉडव्ह्यूबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी बायबलमधल्या मत्तयच्या २५व्या अध्यायाची (परक्याला कसं वागवलंत, हे शेवटी विचारलं जाईल, या शिकवणीची) आठवण दिली आणि कोठडीतल्या लोकांच्या आध्यात्मिक हक्कांचा विचार व्हावा असं म्हणाले. त्याआधी सकल संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, त्या केंद्राबाहेर मिस्सा झाली होती आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) आत नेण्याची परवानगी मिळाली नव्हती. आमच्या धर्मग्रामातली माणसं त्या गर्दीत होती. थंडी बोचरी होती आणि दारापर्यंत जाऊन परत फिरलेल्या धर्मगुरूंकडे बघून माझ्या शेजारची पोलिश आजी मोठ्याने रडत होती.

आणि एक तपशील. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणं हा अमेरिकेत दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. चोरून सीमा ओलांडणं हा पहिल्या वेळी किरकोळ गुन्हा. त्याची शिक्षा काय असावी याबद्दल तुमचं माझं मत वेगळं असू शकतं. पण मी ज्या घरांत जाते तिथे भाडं थकलेलं असतं आणि पाच वर्षांच्या मुलीला दम्याचं औषध हवं असतं. तिने कुठलीच रांग मोडलेली नाही. ती इथेच जन्मली, नागरिक आहे. धावपळ बहुतेक वेळा तिच्यासाठी असते.

प्रश्न : मी चर्चच्या ऑफिसात काम करते. मिस्सा चालू असताना आइसचे अधिकारी आले तर मी काय करायचं? चर्चमध्ये ते येऊ शकत नाहीत ना? — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : येऊ शकतात, हे आधी सगळ्यांना स्पष्ट सांगा. चर्च, शाळा, हॉस्पिटल अशा जागी शक्यतो कारवाई टाळायची, असं धोरण २०११पासून होतं. जानेवारी २०२५मध्ये सरकारने ते मागे घेतलं. ‘चर्चमध्ये पाऊल ठेवलं की सुरक्षित’ हे आश्वासन कोणालाही देऊ नका. लोक त्यावर विसंबून येतात.

पण चर्चची प्रत्येक खोली सारखी नसते. मिस्सेला जिथे कोणीही येऊन बसू शकतं ती जागा सार्वजनिक. ऑफिस, फादरांचं निवासस्थान, धर्मशिक्षणाचे वर्ग या खाजगी जागा, आणि तिथे शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट किंवा तुमची परवानगी लागते. म्हणून त्या दारांवर ‘खाजगी’ अशी पाटी लावा आणि दारं बंद ठेवा. पाटी लावून दार सताड उघडं ठेवलं तर उपयोग नाही. अधिकारी बऱ्याचदा आय-२०० किंवा आय-२०५ हे कागद आणतात. त्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नाही. कागद हातात घ्या, वर कोर्टाचं नाव आहे का आणि खाली सही कोणाची आहे ते शांतपणे वाचा. ‘मला परवानगी द्यायचा अधिकार नाही, फादरांना बोलावते’ एवढं म्हणा. खोटं बोलू नका, कोणाला मागच्या दाराने पळवू नका, अडवायला आडवं उभं राहू नका. कोणी पळायला लागलं तर चेंगराचेंगरी होते, म्हणून मिस्सा चालवणाऱ्या फादरांनी त्या वेळी काय म्हणायचं ते आधी ठरलेलं असू दे. घरांच्या बाबतीत एक गंभीर गोष्ट जानेवारी २०२६मध्ये उघड झाली. अंतिम हद्दपारीचा आदेश निघालेल्या माणसाच्या घरात आय-२०५ कागदावर बळाने शिरता येतं, असं आइसच्या मे २०२५च्या अंतर्गत आदेशात म्हटलेलं आहे. त्यामुळे जुनी हक्कपत्रकं वाटत बसू नका. डायोसिसच्या वकिलाकडून एकदा नीट प्रशिक्षण घ्या, स्वागतकांपासून रखवालदारापर्यंत सगळ्यांनी.

याद्यांबद्दल सांगायचंच राहिलं. कोणाकडे कागद आहेत, कोणाकडे नाहीत, हे ऑफिसात कुठेही लिहून ठेवू नका. किराणा द्यायला ते लागत नाही. आमच्या नोंदणी अर्जावर जन्मदेशाचा रकाना होता, तो आम्ही काढून टाकला. बाप्तिस्म्याची नोंद मात्र नीट जपा आणि दाखला मागितला तर त्याच दिवशी द्या. वर्षानुवर्षं इथे राहिल्याचा पुरावा म्हणून वकिलांना तो कामी येतो. फादर कोर्टासाठी पत्र देणार असतील तर स्वतः पाहिलेलंच लिहावं. किती वर्षं ओळखतात, कुठल्या मिस्सेला येतात, जत्रेच्या वेळी खुर्च्या कोणी लावल्या. ‘अत्यंत सज्जन गृहस्थ’ अशा पत्रांनी काही होत नाही.

जे चर्चला यायलाच घाबरतात त्यांचाही विचार करा. सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी ८ जुलै २०२५ला अशा लोकांना रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून मोकळीक दिली. तुमच्या बिशपांनी तसं काही काढलेलं असेल तर ते स्पॅनिशमध्ये, फिलिपिनो बायकांच्या भाषेत, घरोघरी कळलं पाहिजे. न येणारी माणसं पापाच्या ओझ्याने झोपत नाहीत, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

प्रश्न : मी एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या) आहे. मदत करायची फार इच्छा आहे, पण नवऱ्याला भीती वाटते की आपल्यावरच संकट येईल. मी काय करू शकते? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : नवऱ्याची भीती अगदी बरोबर आहे. केंद्राबाहेरची निदर्शनं, अधिकाऱ्यांचे फोटो काढणं, कोर्टात सोबत जाणं, हे नागरिकांना करू द्या. जून २०२५मध्ये सॅन डिएगोचे बिशप स्वतः लोकांबरोबर इमिग्रेशन कोर्टात जाऊन उभे राहिले. ते त्यांना शोभतं, तुम्ही ती जोखीम घेऊ नका. स्वतःचे कागद बरोबर बाळगा. कागद नसलेल्यांना आसरा देणं, लपवणं याविरुद्ध फेडरल कायदा आहे, म्हणून कोणाला घरी ठेवून घेण्याचा किंवा गाडीने कुठे नेण्याचा प्रश्न आला तर ‘आधी वकिलांना विचारते’ म्हणा. जेवण करून देणं, मुलांचा अभ्यास घेणं, किराणा भरून चर्चमध्ये पोचवणं यात लपवाछपवी काही नाही. आमच्याकडची एक आंध्रची मुलगी तुमच्यासारखीच व्हिसावर आहे. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात ती तीन मुलांचं गणित घेते. त्यांच्या आईला आठवड्यातले तेच दोन तास झोप मिळते.

प्रश्न : मी फर्स्ट कम्युनियनच्या (मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात त्या विधीच्या) वर्गाला शिकवते. एका आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘माझे पप्पा माझ्या कम्युनियनला येतील ना?’ ते तीन राज्यं पलीकडे कोठडीत आहेत. मी ‘येतील’ म्हणून गेले आणि तेव्हापासून मला चैन नाही. — एक वाचक, ओहायो

उत्तर : तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण ते दुरुस्त करा, येत्या वर्गाच्या आधीच, तिला बाजूला घेऊन. ‘मी येतील म्हणाले, पण मला ते माहीत नाही. माझी फार इच्छा आहे म्हणून बोलले.’ मुलांना हे कळतं. हॉस्पिटलात मी लहान मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षं होते. सुई दुखणार नाही म्हणणाऱ्या नर्सवर मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही, आणि तुमच्यावर तिचा विश्वास पुढचे काही महिने फार लागणार आहे. पप्पांना का नेलं, असं तिने विचारलं तर उत्तर आईला विचारून ठरवा. घरात एक सांगितलेलं आणि वर्गात दुसरं, असं नको. दुसऱ्या मुलांसमोर तिच्याबद्दल बोलू नका आणि ‘आज आपण हिच्या पप्पांसाठी प्रार्थना करू या’ असंही अचानक नको. तिला विचारा. काही मुलांना हवं असतं, काहींना अजिबात नाही.

मग तिच्या आईकडून पप्पांच्या फोनची वेळ माहीत करून घ्या. कोठडीतला माणूस बाहेर फोन करू शकतो, त्याला आत फोन लागत नाही, आणि मिनिटांचे पैसे पडतात. सोसायटीतून त्याच्या खात्यात थोडे पैसे भरले तर त्याची मिनिटं वाढतात. आमच्या शिक्षिकेने असंच केलं. एका मुलाचा बाप शनिवारी सहाच्या सुमाराला फोन करायचा. शिक्षिका त्या वेळी त्यांच्या घरी गेली, वही उघडली आणि प्रार्थनांचा सराव फोन स्पीकरवर ठेवून घेतला. मुलगा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ स्पॅनिशमध्ये म्हणत होता आणि मधेच अडला. खोलीत कोणी बोललं नाही. पलीकडून खरखरीतून बापाने पुढचा शब्द सांगितला. मुलाने तो घेतला आणि शेवटपर्यंत गेला. पुढच्या शनिवारी बापाने फोन केल्या केल्या विचारलं, आज कुठली प्रार्थना? त्या वर्गाचा सराव मग शनिवारी सहालाच ठेवला गेला.

एक करा मात्र. फोन यायच्या त्या अर्ध्या तासात तिच्या आईच्या नंबरवर दुसऱ्या कोणीही फोन करायचा नाही, किराणा आणणाऱ्यांनीही नाही, फादरांनीही नाही. हे सगळ्यांना आजच कळवा.